धुऱ्यावरचा अंगठा

गोंदियात मी काय काम करते हे सांगायला गेले की समोरचा माणूस खिशातला मोबाईल काढून पुढे धरतो. "मॅडम, चार्जिंग का पिन ढीला है, जरा देखो ना." मी म्हणते, मी मोबाईल दुरुस्त करत नाही, मोबाईलच्या आतली ॲप दुरुस्त करते. मग तो नाराज होतो. जे पेचकसाने उघडत नाही तेही काम असतं, हे आमच्या गावात अजून फारसं कुणाला पटलेलं नाही. माझ्या सासूबाईंना तर अठरा वर्षांत पटलेलं नाही. शेजारणींना त्या सांगतात, "सून घरीच असते, मोबाईल पाहत बसते." नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं काम मी घरूनच करते, त्यामुळे त्यांना खोटं ठरवायला माझ्याकडे पुरावा नाही.

त्यातही माझ्या वाट्याला एक विचित्र आजार जास्त आला. मोबाईलच्या काचेच्या कडेला बोट टेकलं की ॲप उशिरा जागं होतं, तो आजार. मधे टेकवा, चटकन ऐकतं. कडेला टेकवा, मठ्ठासारखं थांबतं.

माझं माहेर तिरोड्याकडचं, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणून मला हे धुऱ्याच्या भाषेत सांगणं सोपं जातं. दोन शेतांच्या मधे धुरा असतो. शेत ज्याचं त्याचं, पण धुऱ्यावर दोघांचाही डोळा असतो आणि निम्मी भांडणं तिथंच होतात. काचेचा मधला भाग ॲपचा. डावी-उजवी कड आणि खालची पट्टी हा धुरा. तिथं मोबाईलची मूळ यंत्रणाही हक्क सांगते, कारण कडेवरून बोट आत ओढलं की मागच्या पानावर जायचं असं तिनं ठरवलेलं असतं. म्हणून कडेला बोट टेकलं की ती ॲपला लगेच कळवत नाही. आधी पाहते, हे बोट नुसतं टेकलंय की आता आत सरकणार? खात्री होईपर्यंत तो स्पर्श ती स्वतःजवळ दाबून ठेवते, कधी कधी बोट उचलेपर्यंत. उपाय अवघड नाही. ॲपनं आधीच सांगून ठेवायचं की या पट्टीवरचा स्पर्श मला ताबडतोब हवा. चार ओळींचं काम. पण त्या चार ओळी लिहायची आठवण व्हावी लागते.

मला ती आठवण पहिल्यांदा करून दिली तिरोड्याच्या एका निवृत्त गुरुजींनी. भजनी मंडळात ते पेटी वाजवायचे. पेटीचा भाता फाटला, दुरुस्त करणारा मिळेना, म्हणून नातीच्या टॅबलेटवर आमच्या कंपनीचं पेटी शिकवायचं ॲप घेऊन बसले. एक दिवस त्यांचा फोन आला.

"बाई, तुमचा खालचा सा झोपेतून उठून येते."

मी म्हटलं, गुरुजी, सगळे सूर एकाच पद्धतीनं लिहिलेत, एकच कसा उशिरा येईल? ते म्हणाले, या आणि ऐका. मी गेले. त्यांनी वाजवलं, मला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं आणि सा आला की माझ्याकडे पाहिलं, जसं चुकलेल्या विद्यार्थ्याकडे पाहतात. शेवटी मी त्यांच्या बोटांचा व्हिडिओ घेतला, एकेक चित्र पुढे सरकवत पाहिला, आणि कान खरा निघाला. कडेच्या पट्टीवर बोट टेकणं आणि सूर निघणं यांच्यात फट होती. मधल्या पट्ट्यांवर नव्हती.

दोन दिवसांत मी ते सुधारलं. गुरुजींनी वाजवून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "बाई, वाजवणाऱ्याचा हात पाहिल्याशिवाय पेटी दुरुस्त करू नये." मी हसले. घरी येऊन नवऱ्याला ते वाक्य मोठ्या कौतुकानं ऐकवलं, आणि पुढे तीन वर्षं विसरले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

लहान मुलांना न्यूमोनिया झाला की सगळ्यात आधी श्वास वाढतो. गावोगावच्या आशाताई बाळाचं पोट पाहून मिनिटभर श्वास मोजतात. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त भरले की धोका, दवाखान्यात न्यायचं. एका आरोग्य संस्थेनं आम्हाला यासाठी ॲप करायला सांगितलं. दर श्वासाला काचेवर एकदा बोट टेकवायचं. मिनिट झालं की मोबाईल हिरवा तरी होतो नाहीतर लाल. लाल झाला की दवाखान्याच्या गाडीला आपोआप निरोप जातो.

सुरुवातीला मधे एक मोठं गोल बटण होतं. आशाताई म्हणाल्या, बाळाकडे पाहू की बटणाकडे? रास्त बोलणं होतं. मी अख्खी काचच बटण करून टाकली. कुठंही टेकवा, मोजलं जाईल. कंपनीच्या साहेबांनी शाबासकी दिली. तपासताना काही जणांचं बोट थरथरून एका श्वासाचे दोन मोजले जात होते, म्हणून मी अजून एक नियम घातला: दोन स्पर्श फारच जवळजवळ आले तर ते एकच धरायचे. दोन्ही सुधारणा आपापल्या जागी शहाणपणाच्या होत्या.

ही तपासणी आम्ही नागपूरला, ऑफिसच्या टेबलावर, प्लास्टिकच्या बाहुलीवर केली. मोबाईल टेबलावर, तर्जनी काचेच्या मधोमध. बाहुलीला झबलं नव्हतं, स्वेटर नव्हता, ती रडत नव्हती आणि तिला थंडी वाजत नव्हती.

ॲप गावोगाव चालू होऊन सहा महिने झाल्यावर, हिवाळ्यात, चिचगडला आशाताईंचं उजळणीचं प्रशिक्षण झालं. मी स्वतः गेले होते. सगळ्या पांगल्यावर एक पन्नाशीच्या बाई मागे थांबल्या. इमलाताई. चिचगडच्या आत जंगलात जो टोला आहे, लहानशी वस्ती, तो त्यांच्याकडे.

"मॅडम, हे कमी मोजते."

"किती कमी?"

"कधी पाच, कधी आठ. मोबाईलवर मोजून झालं का मी बोटावर मोजून पायतो."

त्यांनी मला दाखवलं. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चार बोटांची बारा पेरं. बारा झाली की पुन्हा सुरुवात. माझी आई धुणं असंच मोजायची. मी म्हटलं, "ताई, तुम्ही दोन वेगळ्या मिनिटांत मोजता. बाळाचा श्वास बदलतो. आणि तुमचा अंगठा नीट टेकत नसेल."

इमलाताईंनी माझा नंबर लिहून घेतला. मी जेवायला गेले.

आठवड्यानं दुपारी त्यांचा फोन आला. मागे धान मळायचं यंत्र धडधडत होतं, त्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या. सात महिन्यांचा मुलगा, दोन दिवस खोकला. सकाळी त्यांनी मोजलं तेव्हा मोबाईलनं सत्तेचाळीस दाखवले. हिरवा. बोटांवर बावन्न. मोबाईलवर भरवसा ठेवून त्या पुढच्या घरी गेल्या, पण मन लागेना म्हणून दुपारी परत आल्या. आता मोबाईल सेहेचाळीस म्हणत होता.

"आणि बोटं?"

"चार बारा न् सहा."

म्हणजे चोपन्न. मी खुर्चीत सरळ झाले.

"मग दवाखान्यात न्या ना, ताई. माझ्या सांगण्याची वाट कशाला पाहता?"

"आजा नेऊ देत नाई जी. मोबाईल हिरवं म्हनते ना, मंग कायले नेता, म्हनते. सहा महिने मीच साऱ्यायले सांगून ठेवलं, का मोबाईल खोटं बोलत नाई. आता कोनत्या तोंडानं सांगू? तुमी सांगा त्यायले. हे तुमचं हाय."

त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं. मी त्या म्हाताऱ्याला एक वाक्य सांगायचं होतं: माझं यंत्र चुकतंय, ताईंचं ऐका. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. बाळाची काळजी वाटत होती, आणि तरी मी मनातल्या मनात माझ्या ॲपची वकिली करत होते. शेकडो बाळं मोजली याने, आजच कसं चुकेल? मी म्हटलं, "परत मोजा, ताई. फोन स्पीकरवर टाका आणि चालू ठेवूनच मोजा."

त्या मिनिटाची मला आजही लाज वाटते. फोनमधून मला मळणी यंत्र ऐकू येत होतं, कोंबडा, आईचं "उगी, उगी", आणि या सगळ्याच्या खाली एक बारीक कण्हणं. प्रत्येक श्वासाबरोबर एक. मी ते कानानं मोजायला लागले आणि यंत्राच्या आवाजात ते हरवलं. इमलाताईंचा प्रत्येक स्पर्श इकडे माझ्या लॅपटॉपवर एकेक ओळ होऊन उमटत होता. बाळाचा श्वास भराभर आणि सारखा चालला असताना स्पर्शांच्या ओळी सारख्या अंतरानं यायला हव्या होत्या. त्या तशा येत नव्हत्या. एक रखडून यायची आणि दुसरी तिला येऊन चिकटायची. चिकटलेल्या दोन्ही ओळींची माझा नियम एकच करत होता.

पंचेचाळीस. हिरवा.

ते रखडणं मी आधी कुठं तरी पाहिलं होतं.

"ताई, मोबाईल कोणत्या हातात आहे?"

"डाव्या."

"आणि उजवा?"

"उजव्यानं झबलं वर धरून राहिली. नाईतर पोट दिसत नाई."

"अंगठा कुठं टेकतो तुमचा?"

"कडेले. अखीन कुठी टेकन? एका हातात धरलेला मोबाईल, अंगठा कडेलेच पुरते."

वाजवणाऱ्याचा हात पाहिल्याशिवाय. गुरुजी जणू माझ्या खुर्चीमागे उभे होते. पेटीच्या ॲपमध्ये ज्या चार ओळी मी लिहिल्या होत्या त्या इथं लिहिल्याच नव्हत्या. अख्खी काच माझी म्हणून जाहीर केली आणि धुऱ्यावर हक्क सांगायला विसरले. कडेवरचा प्रत्येक स्पर्श मूळ यंत्रणा दाबून ठेवत होती, आणि उशिरा आलेल्यांचे गळे मी माझ्या शहाण्या नियमानं कापत होते.

"ताई, झबलं आईला धरू द्या. मोबाईल जमिनीवर ठेवा. बोट मधोमध टेकवा. मधोमध."

अजून एक मिनिट. या खेपेला ओळी सारख्या पडत गेल्या. पन्नासावी पडली तेव्हा अजून घड्याळात सहा-सात सेकंद शिल्लक होते. छप्पन्न. लाल. गाडीला निरोप गेला. तेवढ्यात फोनमध्ये म्हाताऱ्याचा आवाज आला. तो बाळाचा आजा.

"सकारी हिरवं, आता लाल. घडीभरात रंग बदलवते. कोनतं खरं मानावं मानसानं?"

आई रडायला लागली. म्हाताऱ्याचं चुकत नव्हतं. खोटं बोलणारा साक्षीदार एकदा खरं बोलला तरी त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? गाडी येईल आणि रिकामी परत जाईल, हे मला लख्ख दिसलं.

"ताई, फोनचा आवाज मोठा करा," मी म्हटलं. "बाबाजी, मी गोंदियाहून बोलते. हे मोबाईलमधलं मोजायचं मी बनवलं."

"बरं."

"ते चुकलं. सकाळचं हिरवं चूक, दुपारचंही चूक. चूक माझी आहे. इमलाताईंची बोटं सकाळपासून बरोबर आहेत. त्यांनी मला आठवड्याआधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मळणी यंत्र चालूच होतं. मग कुणी तरी ते बंद केलं आणि एकदम शांत झालं. आता कण्हणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"मंग असं बनवता कायले?" म्हातारा म्हणाला.

उत्तर त्याला नकोच होतं. तो इमलाताईंकडे वळला असावा, कारण आवाज लांब गेला.

"इमला, तुये पेरं का म्हनतात?"

"चार बारा न् सहा, आजा."

"चला मंग."

फोन कट झाला. पुढे बराच वेळ रेंज नव्हती. मी दर पाच मिनिटांनी गाडीच्या ड्रायव्हरला फोन करत होते. लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बैठा लिया मॅडम, बच्चे को ऑक्सिजन लगा है, अभी बात मत करो." मी बात केली नाही. सासूबाईंनी चहा आणून ठेवला, माझं तोंड पाहिलं आणि शेजारी बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. "म्हणजे तू मोबाईल पाहत नव्हतीस, कुणी तरी बाळ पाहत होतं तुझ्या मोबाईलवरून," त्या म्हणाल्या. अठरा वर्षांत माझं काम कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं, आणि ते ऐकायला मला त्या दिवशी अजिबात बरं वाटलं नाही.

बाळाला चिचगडहून गोंदियाला आणलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत घरी ठेवलं असतं तर कठीण होतं. पाच दिवस ते दवाखान्यात होतं. मी रोज जाऊन व्हरांड्यात बसायची. तिसऱ्या दिवशी आजानं मला विचारलं, "तुमचंबी लेकरू भरती आहे का, बाई?" मी सांगितलं मी कोण ते. त्यानं सरकून बाकावर जागा करून दिली.

दुरुस्ती चार ओळींची होती. त्या पहिल्याच संध्याकाळी लिहून पाठवल्या. त्याहून मोठं काम नंतरचं होतं. जुन्या नोंदींत जिथं जिथं कडेचे रखडलेले स्पर्श दिसले ती हिरवी बाळं मी शोधून काढली. अकरा निघाली. साहेब म्हणाले, "आधी फिल्डवाल्यांना पुन्हा ट्रेनिंग द्या, मोबाईल कसा धरायचा ते शिकवा." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. अकराही घरी आशाताई पुन्हा गेल्या. दहा बाळं बरी होती. केशोरीकडच्या एका घराला कुलूप होतं, माणसं कामाला परराज्यात गेलेली, फोन बंद. त्या अकराव्याचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. लोक म्हणतात, बरंच असेल. मीही तसंच म्हणते. पण कुणी शाबासकी दिली की मला ते कुलूप आठवतं.

ॲपमध्ये मी अजून एक बदल केला, साहेबांना न विचारता. मिनिट संपलं की आकडा लगेच दिसत नाही. आधी मोबाईल सांगतो, आता बोटांवर मोजा. तो आकडा भरल्यावरच त्याचा आकडा दिसतो. दोन्हींत फरक पडला तर हिरवंही नाही आणि लालही नाही, नुसतं लिहून येतं: ताई, परत मोजा. आणि पुन्हा फरक पडला तर ताईंचा आकडा खरा.

यंदा थंडी पडायच्या आधी मी त्या टोल्यावर गेले. बाळ आता दीड वर्षाचं आहे, अंगणातल्या खाटेवर झोपलं होतं. ठणठणीत. आजा मोहाच्या झाडाखाली दोर वळत बसला होता. इमलाताईंनी सवयीनं मोबाईल काढला आणि, मला दाखवायचं म्हणून असेल, डाव्या हातात धरून अंगठा मुद्दाम अगदी कडेला टेकवत मोजलं. मिनिट झालं. मोबाईलनं बोटांचा आकडा विचारला.

"आता तुमी मोजा, मॅडम," त्या म्हणाल्या.

मी खाटेशी बसले. हजारो स्पर्श लॅपटॉपवर पाहिलेत, पण बाळाचं पोट वर-खाली होताना मिनिटभर कधी पाहिलं नव्हतं. अंगठा पेरांवरून सरकत होता. दुसऱ्या बारांत कुठे तरी डोळे भरून आले आणि मी गडबडले.

"दोन बारा न् दोन," मी म्हटलं. आपसूकच तसं आलं.

इमलाताईही शेजारी मनात मोजत होत्या. "दोन बारा न् चार," त्या म्हणाल्या. मोबाईलमध्ये अठ्ठावीस.

"मोबाईलवाल्या बाईचेच दोन सुटले," आजा झाडाखालून म्हणाला.

इमलाताईंनी माझा हात हातात घेतला, माझाच अंगठा उचलून करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला आणि म्हणाल्या, "परत मोजा, मॅडम."

मी परत मोजलं.